संताप : राग की शोक?

१

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीतल्या ज्या घरांत मराठी आणि कन्नड अशी दोन वर्तमानपत्रे येतात, तिथल्या माणसांना एक गंमत चांगली ठाऊक असते. एखादी मोठी व्यक्ती निवर्तली की कन्नड पत्रात मुख्यमंत्र्यांचा ‘संताप’ छापून येतो. त्याच दिवशी मराठी पत्राच्या आतल्या पानावर, रस्त्यातील खड्ड्यांबद्दल नागरिकांनी ‘तीव्र संताप व्यक्त केला’ अशी बातमी असते. शब्द एकच, पण कन्नडातला संताप हार घेऊन येतो आणि मराठीतला मोर्चा घेऊन. पुण्याहून आलेला पाहुणा कन्नड मथळा अडखळत वाचतो आणि विचारतो, “माणूस मेला म्हणून मुख्यमंत्री चिडले कशाला?” घरातली पोरे हसतात, कोणीतरी अर्थ सांगते आणि चहा पुढे चालू राहतो.

ही गंमत हसण्यावारी सोडून देण्यासारखी नाही, असे मला गेली काही वर्षे वाटत आले आहे. मराठी शिकवण्यात माझे आयुष्य गेले. शब्दांचे अर्थ मुलांना सांगताना ‘संताप म्हणजे अतिशय राग’ असे फळ्यावर लिहिताना हात कधी थांबला नाही. आणि मराठीपुरते ते बरोबरच आहे. पण आपण ज्या भागात राहतो तिथे या शब्दाचा दुसरा अर्धा भाग रोज आपल्या कानांवर पडतो. माझे म्हणणे एवढेच, की हा दुसरा अर्धा भाग कानाआड केल्यामुळे आपण माणसे चुकीची वाचतो, आणि पुस्तकेही चुकीची वाचतो. एका शब्दाची चिकित्सा करण्यासाठी दिवाळी अंकाची एवढी पाने घेणे कोणाला जास्त वाटेल. पण साहित्याची समीक्षा शेवटी शब्दांनीच करायची असते, आणि तिचे मापच आखूड झाले असेल तर मोजणी चुकणारच.

२

‘संताप’चे कूळ सर्वांना परिचित आहे. ‘तप्’ म्हणजे तापणे. त्याला ‘सम्’ लागला की ‘संताप’ : सर्व बाजूंनी, पुरेपूर तापणे. यात राग नाही आणि शोकही नाही; आहे ती नुसती आच. आयुर्वेदात हा शब्द तापाच्या दुखण्यासाठी येतो. देहाचा आणि मनाचा संताप हे ज्वराचे खास लक्षण आहे, असे चरकसंहिता सांगते. अंग तापते तसेच मनही तापते, आणि दोन्हींना एकच नाव चालते, हे त्या काळच्या वैद्याला अवघड वाटले नाही.

संस्कृत काव्यात हा शब्द बहुधा दुःखाच्या बाजूने उभा राहतो. मेघदूतात विरही यक्ष मेघाला संतप्तांचा आसरा म्हणतो. आजची मराठी घेऊन हे वाचायला बसलो तर काय होईल पाहा. ‘संतप्त जमाव’, ‘संतप्त ग्रामस्थ’ असे शब्द रोज वाचणाऱ्याला वाटेल, की हा मेघ चिडलेल्या लोकांचा कोणी पुढारी असावा! बा. भ. बोरकर, कुसुमाग्रज, शांता शेळके अशा एकाहून एक कवींना मेघदूत मराठीत आणण्याचा मोह झाला. मराठीत येताना ‘संतप्त’सारखा ओळखीचा शब्दच कसा फसवा ठरू शकतो, याची कल्पना अनुवाद करणाऱ्यालाच येते. अनोळखी शब्द अडवतो, म्हणून आपण कोश उघडतो. ओळखीचा शब्द अडवतच नाही. तो चुकीच्या दारी नेऊन सोडतो.

मराठीने या घराण्यातले इतर शब्द दुःखाच्याच अर्थाने सांभाळले आहेत. पश्चात्ताप, अनुताप, परिताप, मनस्ताप यांपैकी एकही शब्द रागाचा नाही. संतांच्या वाङ्मयात ‘त्रिविध ताप’ हा शब्द जागोजाग भेटतो. दासबोधाच्या तिसऱ्या दशकात आध्यात्मिक, आधिभौतिक आणि आधिदैविक अशा तीनही तापांना समर्थांनी एकेक समास दिला आहे, आणि तो सारा माणसाच्या हालअपेष्टांचा पाढा आहे. पसायदानात ज्ञानेश्वर सज्जनांना ताप नसलेल्या सूर्याची उपमा देतात. आजही आपण ‘डोक्याला ताप’ म्हणतो तेव्हा रागापेक्षा छळच सांगत असतो. म्हणजे ताप दुःखाचा राहिला, मनस्तापही दुःखाचा राहिला; एकटा संताप तेवढा घर सोडून रागाकडे राहायला गेला.

शेजाऱ्यांकडे पाहिले की हे अधिक ठळक दिसते. हैदराबादच्या मराठी माणसाला तेलुगूतली ‘संताप सभा’ म्हणजे शोकसभा हे सांगावे लागत नाही. इंदूर-ग्वाल्हेरकडे हिंदीत संताप म्हणजे मनाची तीव्र व्यथा. बडोद्याच्या घरांत गुजराती ‘संताप’ म्हणजे क्लेश, आणि ‘संतापवुं’ म्हणजे दुसऱ्याला छळणे. तिथे संतापवणारा तो छळणारा, चिडवणारा नव्हे. कन्नडचे तर सांगितलेच. या चार शेजाऱ्यांत मराठीच वेगळी पडली आहे. गोव्याकडे वळलो तर कोकणीत डोळ्यांतल्या आसवांना ‘दुकां’ म्हणतात. दुःखाला तिथे अनेकवचन मिळाले आणि ते गालांवरून ओघळू लागले. आपल्याकडे मात्र संतापाचे डोळे ओले होत नाहीत, लाल होतात.

३

ज्या वाटेने संताप गेला त्याच्या नेमका उलट प्रवास आणखी एका शब्दाने केला आहे. तो शब्द ‘आक्रोश’. मुळात त्याचा अर्थ मोठ्याने ओरडणे, हाक मारणे, शिव्याशाप देणे. मराठीत आक्रोश म्हणजे धाय मोकलून रडणे. आई आक्रोश करते. मढे उचलताना बायका आक्रोश करतात. हिंदीत मात्र आक्रोश म्हणजे क्षोभ, संताप. कन्नडातही तसेच. म्हणून खड्ड्यांबद्दल चिडलेले तेच नागरिक कन्नड पत्रात ‘आक्रोश’ व्यक्त करतात. दोन भाषांनी जणू या दोन शब्दांची आपसात अदलाबदल केली आहे. मराठी मंत्री रस्त्यावरचा संताप शांत करायला धावतो आणि कन्नड मंत्री संताप पाठवून मोकळा होतो. मराठी माणूस स्मशानात आक्रोश करतो आणि कन्नड माणूस कचेरीपुढे.

अलीकडे मराठीतही ‘जनआक्रोश मोर्चा’ निघू लागले आहेत. हा हिंदीचा परिणाम म्हणून काही जण नाके मुरडतात. पण मला त्यात शब्दाची जुनी, दुहेरी ओळख परत येताना दिसते. रडणे आणि ओरडणे यांच्यामध्ये भाषा जी भिंत घालते, ती गळ्यामध्ये नसतेच.

याचे सर्वांत चांगले उदाहरण पडद्यावर आहे. गोविंद निहलानींचा ‘आक्रोश’ १९८० साली आला. भाषा हिंदी, पण पटकथा विजय तेंडुलकरांची. त्यातला लहान्या भिकू हा आदिवासी आपल्याच बायकोच्या खुनाच्या आरोपाखाली कोठडीत आहे. वकील विचारतो, कोर्ट विचारते. हा बोलत नाही. ओम पुरींनी जवळजवळ सबंध चित्रपट नुसत्या डोळ्यांवर तोलला आहे. शेवटी बापाच्या अंत्यविधीला त्याला पोलीस बंदोबस्तात आणतात. बायकोच्या वाट्याला जे आले तेच आपल्या बहिणीच्या वाट्याला येणार, हे त्याला दिसते. तिथेच तो कुऱ्हाड उचलून तिला मारतो आणि आकाशाकडे तोंड करून ओरडतो. ते ओरडणे म्हणजे हिंदीतला आक्रोश की मराठीतला? बघणारा ठरवू शकत नाही. आणि ठरवता येत नाही म्हणूनच तो प्रसंग इतकी वर्षे मनातून जात नाही. मराठी आणि हिंदी दोन्ही जाणणाऱ्या प्रेक्षकाला हे शीर्षक इतरांपेक्षा दुप्पट ऐकू येते. त्या प्रसंगात राग आणि शोक या दोन भावना एकीपाठोपाठ एक येत नाहीत. त्या एकच आहेत.

४

हे काही तेंडुलकरांनी नव्याने शोधलेले नाही. आपल्याकडच्या आद्य कवितेची कथाच मुळी अशी आहे. क्रौंच पक्ष्यांच्या जोडीतला नर व्याधाच्या बाणाने पडला, मादी विलाप करू लागली, ते पाहून वाल्मीकींना शोक झाला आणि त्या शोकाचा श्लोक झाला, ही हकीकत आपण शाळेपासून ऐकत आलो. पण त्या श्लोकात आहे काय, हे आपण फारसे विचारत नाही. त्यात पक्ष्यासाठी विलाप नाही, मादीचे सांत्वन नाही. त्यात व्याधाला दिलेला शाप आहे. मनात होता शोक, आणि ओठांवर आला तो शाप! परंपरेने त्याला शोकाचेच काव्य मानले, रागाचे म्हटले नाही. आनंदवर्धनासारख्या चिकित्सकानेही ध्वन्यालोकात ती कथा शोकाचीच म्हणून घेतली. आजच्या वृत्तसंपादकाच्या हाती ती पडली असती तर ‘व्याधाच्या कृत्याबद्दल ऋषींचा संताप’ एवढा मथळा देऊन त्याने पान बंद केले असते.

भरताच्या नाट्यशास्त्रातही करुणाची उत्पत्ती रौद्रापासून सांगितली आहे. रौद्राच्या कृत्याचा परिणाम म्हणजे करुण, असा त्याचा सरळ अर्थ आहे. कोणी संतापाने मारतो आणि कोणी मरतो. पण वाल्मीकींच्या कथेत ही वाट उलटीही चालते, करुणापासून रौद्राकडे. क्रोध हा रौद्राचा स्थायीभाव आणि शोक हा करुणाचा, अशी दोन वेगळी घरे शास्त्राने बांधून दिली. ती अभ्यासासाठी सोयीची आहेत. मात्र दोघांमध्ये एक दार आहे, हे शास्त्रकारांनाही ठाऊक होते. ‘संताप’ हा त्या दारातला शब्द होता. मराठीने एका बाजूने कडी लावून घेतली.

ताटीच्या अभंगांचे उदाहरण तर आपल्या घरचेच. ज्ञानदेव दार लावून आत बसले आहेत आणि मुक्ताबाई बाहेरून समजूत घालते आहे. लोकांनी अपमान केला, त्याचे त्यांना काय झाले? राग आला, की दुःख झाले? अभंगांतला उपदेश रागाला उद्देशून आहे. आगीवर पाणी होण्याचा आहे. पण दार लावून एकटे बसणे ही रागाची रीत नव्हे. रागावलेला माणूस दार उघडून बाहेर येतो. बहिणीला दोन्ही कळले होते, म्हणून ती ओरडली नाही, आर्जव करत राहिली. ज्ञानदेवांना त्या वेळी ‘संताप’ झाला होता असे म्हणायला मी तयार आहे. मात्र शब्द त्याच्या संपूर्ण अर्थाने घेतला तर.

५

शब्दाचा अर्थ बदलतो तेव्हा तो सर्वांसाठी एकदम बदलत नाही. पुस्तकी मराठीत संताप रागाचा झाला खरा, पण घरातल्या जुन्या बायकांच्या तोंडी मी तो वेगळा ऐकला आहे. “जिवाचा नुसता संताप संताप झाला बघ,” असे माझी आजी म्हणे. “जिवाचा संताप करून घेऊ नकोस,” असे ती लेकीसुनांना सांगे. यात दुसऱ्यावर निघालेला राग नाही. यात स्वतःला आतून भाजून घेणे आहे. पुरुषाचा संताप कोणावर तरी असतो. आजीचा संताप ‘जिवाचा’ होता. वाक्याच्या या एवढ्याशा फरकात घरातली सारी व्यवस्था दिसते. राग येण्यासाठी तो ज्याच्यावर काढायचा असे कोणीतरी हाती असावे लागते. ज्या बाईला राग काढण्याची सोय नव्हती, तिच्या तोंडी हा शब्द जुना अर्थ धरून राहिला.

‘तळतळाट’ हा शब्दही असाच. तळतळणे म्हणजे आतून भाजत राहणे, आणि तळतळाट म्हणजे त्या भाजण्यातून निघालेला शाप. ‘गरिबाचा तळतळाट घेऊ नये’ असे आपण म्हणतो तेव्हा आपल्याला भीती वाटते ती त्याच्या रागाची नव्हे, कारण त्याचा राग आपले काही वाकडे करू शकत नाही. आपल्याला भीती वाटते ती त्याच्या दुःखाची. वाल्मीकींचा श्लोक हा या अर्थाने मराठीतल्या तळतळाटाचा पूर्वज म्हणायला हरकत नाही.

याच संदर्भात आमच्या घरातला एक प्रसंग सांगतो. वडील गेले तेव्हा धाकटा भाऊ पुण्यात होता. पावसाचे दिवस, घाटात दरड पडलेली, गाडी अडकली. वडीलधाऱ्यांनी फार वेळ थांबायचे नाही असे ठरवले. भाऊ पोहोचला तेव्हा सगळे उरकले होते. पुढचे दोन दिवस तो घरात प्रत्येकावर ओरडत होता; भांड्यांवर, टेलिफोनवर, आलेल्या माणसांवर. नातेवाईक कुजबुजले, काय हा संताप! तिसऱ्या दिवशी शेजारचे कन्नड शाळेतले निवृत्त मास्तर भेटायला आले. ते भावाजवळ बसले आणि आपल्या कन्नड वळणाच्या मराठीत म्हणाले, “तम्मा, तुमच्या संतापात आम्हीबी हाय बघा.” मास्तर अर्थातच कन्नडातला संताप बोलत होते, त्यांना शोक म्हणायचे होते. कोपऱ्यातल्या एकाने तोंडाला रुमाल लावून हसू दाबले. भाऊ मात्र हसला नाही. दोन दिवसांत पहिल्यांदाच तो कोणावर ओरडला नाही. आम्ही सारे त्याचा राग पाहत होतो. मास्तरांच्या ‘चुकीच्या’ शब्दाने त्या रागाचे खरे नाव घेतले होते.

मराठीत सांत्वनासाठी ‘समाचाराला जाणे’ असाही एक प्रयोग आहे. आणि ‘समाचार घेणे’ म्हणजे खरडपट्टी काढणे! एकाच शब्दाच्या एका बाजूला सांत्वन आणि दुसऱ्या बाजूला फटकारणे ठेवण्याची सवय आपल्या भाषेलाही आहे. तेव्हा मास्तरांना हसण्याचे कारण नाही.

६

आता मुख्य मुद्द्याकडे येतो, तो साहित्य वाचण्याचा.

‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आले, तेही गोवा हिंदू असोसिएशनच्या निर्मितीने. डॉ. श्रीराम लागूंचे गणपतराव बेलवलकर ज्यांनी पाहिले त्यांच्या कानांत तो आवाज अजून घुमतो. मुलांना सर्वस्व वाटून दिलेला म्हातारा नट घराघरांतून उपरा होत जातो, मुलीच्या घरी त्याच्यावर चोरीचा आळ येतो, कावेरी वाटेत साथ सोडते. या भूमिकेच्या नकला गावोगावी झाल्या. आमच्या भागातल्या गॅदरिंगांतही दरवर्षी एक तरी बेलवलकर ठरलेला असे. बहुतेक नकलाकार फसले ते एकाच जागी. त्यांनी बेलवलकरांचा संताप मराठीत केला, म्हणजे आवाज चढवला, हात उगारले, डोळे वटारले. तो कन्नडात करायला हवा होता असे मी गमतीने म्हणतो. म्हणजे आवाज चढलेला असतानाच आत काहीतरी विझत चालल्याचे कळायला हवे. कुसुमाग्रजांपुढे शेक्सपिअरचा लिअर होता. लिअर वादळावर ओरडतो तेव्हाही तो वादळावर रागावलेला नसतो.

दलित साहित्याच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर होतो. बाबुराव बागूलांचे ‘जेव्हा मी जात चोरली होती’ १९६३चे, नामदेव ढसाळांचे ‘गोलपिठा’ १९७२चे, दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८चे. ही पुस्तके आली तेव्हा समीक्षेने काही शब्द हाताशी घेतले : विद्रोह, नकार, संताप. ते चुकीचे नव्हते. लेखकांनी स्वतःही त्यांतले काही अभिमानाने स्वीकारले. पण ‘संतप्त कवी’ म्हणताना अनेकांना फक्त चिडलेला कवी अभिप्रेत होता, आणि चिडलेल्या माणसाशी कसे वागायचे हे प्रस्थापिताला पक्के माहीत असते. ‘आवाज जरा खाली घेऊन बोला’ एवढे सांगितले की झाले. ‘भाषा शिवराळ आहे’, ‘संयम नाही’, ‘कलात्मक अंतर नाही’ हे आक्षेप अशाच वाचनातून आले.

‘बलुतं’ पुन्हा उघडून पाहावे. दया पवार आणि दगडू मारुती पवार हे एकाच माणसाचे दोन भाग तिथे समोरासमोर बसले आहेत. एक शिकून शहरात स्थिरावलेला, दुसरा त्याचाच मागे राहिलेला. दगडू सांगतो आणि दया ऐकतो. ही रचना रागाची आहे काय? रागावलेला माणूस दुसऱ्याला समोर बसवतो, स्वतःलाच समोर बसवत नाही. स्वतःला समोर बसवतो तो शोक करणारा. जे गेले, जे मिळायला हवे होते आणि मिळाले नाही, त्याचा तो हिशेब आहे. त्यात राग नाही असे नाही. पण राग आहे तो या शोकाच्या पोटात. आपण उलटे वाचले : राग पुस्तकभर पाहिला आणि शोक कुठे अधूनमधून. दुःख म्हटले की वाचकाला काहीतरी देणे लागते, निदान गप्प राहून ऐकणे तरी. राग म्हटला की त्याला वाद घालता येतो. समीक्षेने दुसरा, सोयीचा मार्ग धरला, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

उलट बाजूला इंदिरा संतांची कविता ठेवू. बेळगावकरांना त्यांची ओळख करून देणे म्हणजे उद्धटपणा होईल. १९४६ साली पती ना. मा. संत गेले आणि त्यानंतर ‘शेला’, ‘मेंदी’, ‘मृगजळ’, ‘रंगबावरी’पासून साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या ‘गर्भरेशीम’पर्यंत त्यांनी अनेक संग्रह दिले. २००० साली त्या आपल्यातून गेल्या. विरहाची, एकाकीपणाची, हळुवार कविता असे तिचे वर्णन रूढ झाले आहे. जिथे ढसाळांचे दुःख आपण रागात मोजले, तिथे इंदिराबाईंची धग आपण हळुवारपणात मोजली. त्यांच्या कवितेत तापलेले काही नाही काय? निसर्गाचे साधे चित्र चालू असताना मध्येच एखादी ओळ तव्यावर पडलेल्या थेंबासारखी चरचरते, हा त्यांच्या प्रत्येक सजग वाचकाचा अनुभव आहे. माझ्या आजीचा जो ‘जिवाचा संताप’, तोच इथे कवितेच्या पातळीवर गेला आहे. ‘बाईची कविता’ म्हणून तिच्यातला राग आपण पाहिला नाही, आणि ‘दलिताची कविता’ म्हणून तिकडचा शोक पाहिला नाही. दोन्हीकडे वजन मापणारा काटा आपणच धरलेला होता.

इंदिराबाईंचे चिरंजीव प्रकाश नारायण संत यांच्या ‘वनवास’ (१९९४) आणि पुढच्या संग्रहांतला लंपन तर आपल्याच मातीतला. आईबापांपासून दूर, कन्नड मुलखाच्या काठावरच्या गावी आजी-आजोबांकडे राहणारे हे पोर. त्याच्या आणि त्याच्या भोवतीच्या माणसांच्या बोलीत कन्नड सहज मिसळलेले आहे. त्याला जे होत असते त्याला तो नाव देत नाही. मोठा माणूस म्हणेल घरची आठवण, कोणी म्हणेल रुसवा. लेखकाने तो निर्णय पोरावर लादला नाही, हे त्या कथांचे मोठेपण. नाव देण्याआधीची जी आच असते तीच ‘संताप’ची मूळ जागा आहे.

आणि धारवाडचे द. रा. बेंद्रे. घरची भाषा मराठी, कवितेची कन्नड. १९७३ साली ज्ञानपीठ मिळाले ते ‘नाकुतंती’ला. मूल गेल्यानंतरची त्यांची एक अतिशय प्रसिद्ध कविता आहे, पत्नीला उद्देशून. तिचा सूर वरवर पाहता दटावणीचा आहे. आपल्याकडे अशा नजरेने पाहू नकोस असे तो बाप आईला बजावतो. नुसती वाक्ये घेतली तर तो नवरा बायकोवर चिडला आहे असे वाटेल. पण कन्नड मुलखात ही कविता कोणी रागाची म्हणून ऐकलेली नाही. एका मराठी घरातल्या बापाने आपला शोक कन्नडात मांडला आणि तो दटावणीच्या रूपात मांडला. सीमाभागातल्या वाचकाला संतापाचे दोन्ही अर्थ एकत्र पाहायचे असतील, तर याहून जवळचे उदाहरण नाही.

७

याचा व्यवहारातला अर्थ काय, असे कोणी विचारील. उद्यापासून शोकसभेच्या मराठी पत्रिकेवर ‘संतापसभा’ छापायची काय? मुळीच नाही. शब्द वापराने जगतो, आणि मराठीत आज संताप म्हणजे राग. लिहिणाऱ्याने तोच अर्थ पाळावा; नाहीतर श्रद्धांजलीला आलेली माणसे दगड घेऊन येतील. आपली मुले कन्नड माध्यमात शिकतात, निबंधात ‘आजोबा वारले म्हणून सर्वांनी संताप व्यक्त केला’ असे लिहितात. शिक्षकाने ते जरूर दुरुस्त करावे. पण दुरुस्त करताना ‘कन्नडामुळे तुमची मराठी बिघडली’ हे शेरेवजा वाक्य आवरावे. मुलाने आणलेला अर्थ कन्नडाचा मळ नव्हे. तो आपल्या दोघांच्या सामाईक तिजोरीतला आहे. आपण आपला वाटा खर्च केला, शेजाऱ्याने सांभाळला. कन्नडात ‘कोपताप’ हा जोडशब्द आजही चालतो, म्हणजे तापाचे रागाशी असलेले नाते त्यांनीही तोडलेले नाही. त्यांच्या तिजोरीत दोन्ही नाणी आहेत.

लिहिताना मराठी अर्थ आणि वाचताना दोन्ही अर्थ, एवढी शिस्त आपल्याला अवघड नाही. दोन भाषांत वावरणाऱ्या घरांना ती उपजतच येते. बाजारात एका भाषेत भाव विचारायचा, दुसरीत घासाघीस करायची आणि घरी येऊन तिसऱ्याच मिश्र बोलीत हिशेब सांगायचा, हे आपले नित्याचे आहे. हीच सवय पुस्तकांपर्यंत आणि माणसांपर्यंत न्यावी, एवढीच माझी विनंती आहे. आपल्या या भागाने १९५६पासून पुष्कळ संताप पाहिला आहे, दोन्ही भाषांतला. एका बाजूच्या वर्तमानपत्रात तो नेहमी रागच असतो, आणि ज्याचा असतो त्याला तो बहुतेक वेळा शोकासारखा जाणवतो. सरहद्दीच्या पलीकडून पाहणाऱ्याला हे दिसेलच असे नाही. आपल्याला दिसायला हवे, कारण आपल्या दारात दोन्ही वर्तमानपत्रे पडतात.

म्हणून पुढच्या वेळी कोणा लेखकाला, कोणा तरुणाला, किंवा घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला ‘फार संतापी’ म्हणण्याआधी क्षणभर थांबावे आणि त्याचे काय गेले आहे ते विचारावे. उत्तर मिळेलच असे नाही. पण रागाला उत्तर देण्याची घाई तरी टळेल.